ही बाटली रिकामी नाही

मी एक जुने कपाट आहे. आता तुम्ही नाक मुरडाल, की कपाट ते कपाट, त्याने काय मोठे पाहिले असणार? थांबा, मित्रांनो. घड्या न घालता कपडे कोंबायची कपाटे वेगळी आणि मी वेगळे. माझ्या पोटात अख्खी जीवसृष्टी नांदून गेली आहे. साप नांदला, खेकडा नांदला, भूछत्र नांदले, आणि डोळ्यांना न दिसणारे पण नाकाला बरोबर कळणारे पाहुणेही नांदले. एवढेच काय, तुमच्याएवढी शेकडो पोरे माझ्यात डोकावून स्वतःलाच पाहून दचकली आहेत. ते कसे, ते सांगेनच. पण आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट पुढे रडवते. मला रडता येत नाही. सागवानाला फार तर दमट हवेत फुगता येते. म्हणून ते काम तुमच्यावर सोपवते.

माझा जन्म एका शाळेच्या मागच्या अंगणात झाला. तरुण सुतार होता, कानावर पेन्सिल आणि तोंडात खिळे, त्यामुळे त्याचे बोलणे खिळ्यांतून गाळूनच बाहेर यायचे. शेजारी जीवशास्त्राचे थोरले सर हातात फूटपट्टी घेऊन उभे.

"मधोमध उभी फळी हवी," सर म्हणाले. "वरपासून खालपर्यंत. इकडचं तिकडे जाता कामा नये."

"भाऊबंदकी आहे का सर?"

"तसंच समज. डावीकडे वनस्पती, उजवीकडे प्राणी. जगातले सगळे सजीव या दोन घरांत बसतात."

"आणि न बसणारे?"

"बसवायचे," सर म्हणाले, आणि सुताराने खिळे सांभाळत हसून घेतले.

त्या काळी पुस्तकांत तसेच होते, मित्रांनो. सजीवांच्या दोनच सृष्टी. सरांनी तर त्याचा एक सुटसुटीत नियमच केला होता: रुजते ते डावीकडे, चालते ते उजवीकडे. मला प्रयोगशाळेत उभे केले त्या दिवशी सरांची मुलगी बरण्या लावायला आली होती. दोन वेण्या, एक सुटलेली. सर स्टुलावर चढून मागायचे आणि ती खालून द्यायची.

"दोन्ही हातांनी धर. बूड पूस. मग दे," सर सांगायचे. ती प्रत्येक बरणीचे बूड फ्रॉकच्या टोकाने पुसायची. संध्याकाळपर्यंत फ्रॉकचे पोतेरे झाले.

भूछत्राची बरणी हातात आली तशी ती थबकली. "अप्पा, हे हिरवं नाहीच. मग हे झाड कसं?"

"चालतं का ते?"

"नाही."

"मग डावीकडे."

"पण अप्पा..."

"चालायला लागलं की सांग. मी स्वतः उचलून उजवीकडे ठेवीन."

झाले! पोरगी माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि भूछत्र चालते का ते टक लावून पाहत राहिली. सरांनी हाक मारली तरी उठेना. भूछत्र चालले नाही, हे वेगळे सांगायला नको. पण ती नजर मला पटली. मी तेव्हाच मनाशी म्हटले, ही पोरगी मला एक दिवस उघडून नीट आवरणार.

आणि तसेच झाले. वेण्यांचा अंबाडा झाला, सर निवृत्त झाले, आणि त्याच प्रयोगशाळेत ती जीवशास्त्राची बाई होऊन आली. तोवर पुस्तके बदलली होती. सृष्टी दोन नाहीत, पाच, असे शिकवायचे ठरले होते. बाईंनी सुताराला बोलावले. त्याच्या कानावरची पेन्सिल तीच, कानावरचे केस तेवढे पांढरे झाले होते.

"वाटण्या वाढल्या वाटतं," तो म्हणाला. त्याने माझी मधली उभी फळी खाचेतून सोडवली आणि पाच आडव्या फळ्या बसवल्या. मला कसेसेच झाले. जन्मभर पाठीच्या कण्यासारखी वागवलेली फळी निघाली की होणारच! पण सुतार मायाळू. "सागवान आहे, फेकायचं कशाला?" असे म्हणून त्याने ती फळी माझ्या पाठीला आडवी ठोकून दिली. ती तिथेच राहिली, हे लक्षात असू द्या.

आता माझा थाट ऐका. सगळ्यात वर मोनेरा. म्हणजे जीवाणू मंडळी, एका पेशीची, आणि पेशीत केंद्रकाची वेगळी खोलीसुद्धा नाही, सगळा संसार एकाच दालनात. ते दाखवायचे कसे? बाईंनी तळ्याचे गाळून घेतलेले पाणी बुचाच्या बाटलीत भरले. दिसायला काहीच नाही. तिच्यावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी: 'ही बाटली रिकामी नाही.' त्याखाली प्रोटिस्टा. तीही बहुतेक एकपेशीयच, पण केंद्रक असलेली. अमिबाच्या काचपट्ट्या, आणि ती युग्लीना, जी हिरवी असून पोहते. थोरल्या सरांच्या काळात तिने फार छळले होते. त्यांनी वैतागून तिची काचपट्टी मधल्या फळीच्या कडेवरच चिकटवली होती आणि खाली लिहिले होते, 'कुंपणावरची'. आता तिलाही घर मिळाले. तिसरी फळी कवकांची, तिथे पावाची बुरशी आणि भूछत्र. चौथीवर वनस्पती, वाळवलेले नेचे, शेवाळाच्या गाद्या, सुरूची फळे. आणि सगळ्यात खाली, लहान मुलांच्या डोळ्यांसमोर येतील असे प्राणी.

एके दिवशी थोरले सर काठी टेकत मला पाहायला आले. त्यांची नजर आधी डावीकडे गेली.

"माझं भूछत्र घराबाहेर काढलंस?"

"बाहेर नाही अप्पा, त्याला त्याचं घर दिलं. ते स्वतःचं अन्न स्वतः करत नाही. खरं सांगू का, नात्यानं ते झाडांपेक्षा आपल्याला जवळचं निघालं."

सर बरणीकडे पाहत राहिले. काठीच्या मुठीवर त्यांची बोटे वाजत राहिली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना चुकीचं सांगितलं."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी भूछत्राची बरणी उतरवली आणि अप्पांपुढे धरली. "दोन्ही हातांनी धरा. बूड पुसा. मग तुम्हीच ठेवा."

सरांनी ती बरणी तिसऱ्या फळीवर ठेवली. मग कितीतरी वेळ ते बाईंच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस. पुढे सर गेले. त्यांची तसबीर दारावर लागली, बरोबर माझ्यासमोर.

बाईंची एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या तासाला पुस्तक उघडायचे नाही. एकेकाने माझ्यासमोर गुडघे टेकून खालच्या फळीवरचे प्राणी ओळीने पाहायचे. तारामासा, खेकडा, बाटलीतला साप, कबुतराचा सांगाडा, आणि सगळ्यात शेवटी एक आरसा! त्याखाली चिठ्ठी: 'माणूस. जिवंत नमुना. हात लावण्यास हरकत नाही.' पोरे किंचाळायची, दात काढायची, शेजारच्याला ओढायची, "ए, बघ बघ, माकड!" बाई म्हणायच्या, "बरोबर. चुलत घराणं आहे. आता जागेवर बस." अशा किती पिढ्या हसल्या! एकदा तपासणीचे साहेब आले आणि वरच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "रिकाम्या बाटल्या कशाला ठेवता हो?" बाई म्हणाल्या, "साहेब, चष्मा लावा आणि चिठ्ठी वाचा." साहेबांनी वाचली, कान लाल झाले, आणि शेरा उत्तम मिळाला. तेव्हा मी आतून असे काही चमकले होते, की काचा पुसायची गरजच नव्हती.

काचांवरून आठवले. काचा पुसायची रेडिओ.

तिला सगळे रेडिओच म्हणायचे. सकाळी सुरू झाली की शाळा सुटेपर्यंत बंद नाही. "हिचं बटण कुठंय रे?" असे पोरे विचारायची, आणि ती म्हणायची, "तुला सापडलं तर मलाही दाखव, मी पण शोधतेय." एकदा तासाला फार बोलली म्हणून बाईंनी तिला शिक्षा केली. "तोंडाला काम आहेच तुझ्या. आता हातालाही देऊ. रोज या कपाटाच्या काचा पुसायच्या." शिक्षा कसली! रेडिओला ते बक्षीसच वाटले. सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, काचेवर 'हा' करून वाफ सोडायची आणि मला घरच्या सगळ्या बातम्या द्यायची. भावाने दात कसा पाडला, आई कशावरून चिडली. उत्तराची अपेक्षा न ठेवता बोलणारे माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटले.

एका सकाळी ती बोलता बोलता थांबली. भूछत्राची बरणी चौथ्या फळीवर होती. वनस्पतींत.

"कोणी चावटपणा केला?" ती म्हणाली आणि बरणी वर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली. रेडिओला वाटले, मागच्या बाकावरच्या टोळीचे काम. पकडायचेच, म्हणून मधल्या सुटीत ती टेबलाआड लपून बसली.

बाई आल्या. माझी दारे उघडली. त्यांनी भूछत्र उतरवले, दोन्ही हातांनी धरले, आणि साडीच्या टोकाने बरणीचे बूड पुसले. अगदी तस्सेच! मग ती डाव्या कोपऱ्यात, नेच्यांच्या शेजारी ठेवली, आणि दाराकडे पाहून पुटपुटल्या, "अप्पा येतील आता. त्यांना सगळं जागच्या जागी लागतं."

मित्रांनो, माझे बिजागर कुरकुरले. मला कळले होते. ज्या बाईंनी पाच सृष्टी पाठ करून घेतल्या, त्यांच्यातून त्या एकेक गळत चालल्या होत्या. नवे आधी गळत होते आणि खालचे जुने वर येत होते. थोरल्या सरांचा नियम, दोन घरे, मधली फळी. माझी दुरुस्ती होण्याआधीचे मी त्यांना दिसत होते.

रेडिओ टेबलाआडून उठली. बाई दचकल्या, आणि त्या दचकण्यातच परत भानावर आल्या. बरणीकडे पाहिले. रेडिओकडे पाहिले. मग स्टुलावर बसल्या.

"मी ठेवली ना ती?"

रेडिओ दोन पावले पुढे आली. तिने फक्त मान हलवली.

"मला कळतं गं, माझं काहीतरी चुकतंय. घरी मीठ साखरेच्या डब्यात जातं. परवा आमच्या गल्लीत उभी राहून गल्लीच विचारत होते. पण या कपाटासमोर आले की मी मी असते. शाळेत कळलं तर हे सुटेल. आणि हे सुटलं की..." बाईंनी वाक्य तिथेच सोडले. "कोणाला सांगशील?"

"नाही बाई."

"रेडिओ असून?"

"बंद ठेवीन," रेडिओ म्हणाली. आणि खरेच, त्या दिवसापासून तिचा आवाज निम्मा झाला.

मग दोघींचे एक गुपित सुरू झाले. रेडिओ सकाळी यायची, आधी बरण्या जागेवर लावायची, मग काचा. तासाला पहिल्या बाकावर बसायची. बाई अडखळल्या की हळूच शब्द पुरवायची. बाई म्हणायच्या, "कवकांच्या पेशीभित्तिकेत असतं ते... ते..." आणि रेडिओ खोकल्यासारखे करून म्हणायची, "कायटिन." पोरे कुजबुजायची, "रेडिओला सर्दी झालीये की हुशारी?" बाई हसायच्या. पण त्यांचे हात फळीवर विसावले की मला कळायचे, ते घाबरलेले असायचे. गार आणि ओले.

शाळेचे विज्ञान प्रदर्शन आले. त्या दिवशी पालक येत आणि दर वर्षी बाई मला उघडून सगळ्यांना सजीवांच्या सृष्टी समजावून सांगत. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पहिल्या रांगेत बसत. रेडिओला घोर लागला. सकाळी लावलेले दुपारपर्यंत टिकेना, आणि पालकांसमोर कोण जाऊन लावणार? आदल्या संध्याकाळी ती आली ती खिशात एक नळी घेऊन. चप्पल सांधायचे सोल्यूशन होते ते.

"आता कशी हलतेस बघते," ती भूछत्राला म्हणाली. बरणीच्या बुडाला सोल्यूशन फासून तिने ती तिसऱ्या फळीवर दाबून धरली. मग वरची, खालची, जी हलू शकेल ती प्रत्येक बरणी. फक्त सगळ्यात वरची ती न दिसणाऱ्यांची बाटली राहिली, कारण तिथवर तिचा हात पोचला नाही. मला ओरडावेसे वाटले. अगं वेडे, मी बाईंना ती बरणी दोन्ही हातांनी उचलताना पाहिले आहे, त्या उचलल्याशिवाय राहणार नाहीत! पण कपाटाला तोंड कुठे? दारे आहेत, तीही दुसऱ्याने उघडायची.

दुसऱ्या दिवशी खोली भरली. बाईंनी छान सुरुवात केली. आरशाचा विनोद केला, पालक हसले. एक वडील तर गुडघे टेकून आरशात पाहून आले. रेडिओ पहिल्या बाकावर मुठी आवळून बसली होती. मग बाई तिसऱ्या फळीपाशी आल्या आणि थांबल्या. त्यांनी दाराकडे, तसबिरीकडे पाहिले. चेहरा एकदम लहान झाला.

"हे इथं कोणी ठेवलं?" त्या म्हणाल्या. "अप्पा रागावतील."

आणि त्यांनी बरणी उचलायला हात घातले. बरणी हलेना. त्यांनी पुन्हा ओढली.

"बाई, राहू द्या ना," रेडिओ उठून म्हणाली. "बाई, बरोबर आहे ते, राहू द्या!"

पण बाईंना ऐकू येत नव्हते. त्यांनी सगळा जोर लावला. फळी खुंट्यांवरून निसटली, बरणी बुडाशी फुटली, नमुने टिकवणाऱ्या फॉर्मलीनचा लोट जमिनीवर आला आणि डोळे चरचरवणारा वास खोलीभर झाला. भूछत्र बाईंच्या पायाशी पडले. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि त्या तसबिरीकडे पाहून रडू लागल्या.

"अप्पा, मी नाही पाडलं. मी बूड पुसलं होतं. खरंच पुसलं होतं."

खोलीत कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

बाईंची धाकटी बहीण त्यांना न्यायला आली. पोरे तिला मावशी म्हणत. मोठ्या बाईंनी खिडक्या उघडल्या होत्या आणि त्यांचा स्वर मऊ होता. "तुम्ही आधी सांगायला हवं होतंत हो."

"काय सांगणार?" मावशी म्हणाली. "घरी ती हरवलेली असायची आणि शाळेची वेळ झाली की सापडायची. मी म्हटलं, सापडतेय तोवर सापडू दे."

"इथं रसायनं आहेत, मुलं आहेत. मला आता नाही ठेवता येणार त्यांना."

"कळतं मला," मावशी म्हणाली आणि बहिणीच्या ओल्या साडीचे टोक पिळू लागली. जाताना बाईंनी माझ्या दारावरून हात फिरवला, आणि रेडिओला विचारले, "शाळा सुटली का गं?"

"हो बाई," रेडिओ म्हणाली. "सुटली."

सगळे गेल्यावर ती जमिनीवर बसली. कडेने फाटलेले भूछत्र तिने चिमट्याने उचलून दुसऱ्या बाटलीत ठेवले आणि माझ्या फळीला डोके टेकून म्हणाली, "मी चिकटवलं नसतं तर बाईंनी नुसतं उचलून खाली ठेवलं असतं. कोणाला कळलंही नसतं. मीच घालवलं त्यांना." मला तिला सांगायचे होते, की आज नाही तर उद्या हे होणारच होते. पण ते तिला ऐकवायला माझ्यापाशी काय होते? एक फळी किंचित वाजली, एवढेच. त्यानंतर रेडिओ पुरता बंद पडला. पोरेसुद्धा तिला त्या नावाने हाक मारीनाशी झाली.

नवे सर आले. माणूस चांगला होता, पण त्याचे सगळे पडद्यावर. भिंतीवर खेकडा चालायचा, अमिबा पसरायचा. सृष्टी पाच की सहा, का सगळ्यांच्या वर तीन मोठी अधिक्षेत्रे, असेही तो सांगायचा. माझी तक्रार नाही. शोध लागतात, फळ्या हलतात, ते बरेच आहे. पण माझी जागा पडद्याला लागत होती. मला जिन्याखाली ढकलले. बरण्या खोक्यांत गेल्या. माझ्यात खराटे आणि मोडक्या खुर्च्यांचे पाय आले, ते कोणत्या सृष्टीतले हे मला विचारू नका. आरशावर धूळ साचली. येणारी जाणारी पोरे मला पाठ टेकून बुटांच्या नाड्या बांधायची. वाळवीने एका पायाची चव घेतली. मला वाटले, आता सरपण.

मग एके दिवशी काचेवर 'हा' झाले. ओळखीची वाफ! रेडिओ माझ्यासमोर उभी होती, आणि मागे नवे सर.

"या जुनाटाचं काय करणार तू?"

"आणखी जुनं करणार," रेडिओ म्हणाली.

सरांना काही कळले नाही, पण त्यांनी नेऊ दिले. हातगाडीवरून मी बाईंच्या घरी गेले. सोबत खोकी, आणि तिथे दारात कोण? सुतार! पाठीत वाकलेला, पण कानावर पेन्सिल.

"या पुस्तकवाल्यांनी मला म्हातारा केला," तो म्हणाला. "दोनाचे पाच केले, आता पाचाचे दोन. एकदा काय ते ठरवा बाबांनो."

"आजोबा, पुस्तकासाठी नाही," रेडिओ म्हणाली. "बाईंसाठी."

सुताराने पुढे विनोद केला नाही. त्याने माझ्या पाठीची ती जुनी फळी सोडवली. आडव्या फळ्या मधोमध कापल्या. उभी फळी जुन्या खाचेत सरकवली, आणि ती अशी चपखल बसली, की मी जन्मले त्या दिवसासारखा खटका वाजला. कडेवर वाळलेल्या डिंकाचा एक चौकोन होता, त्याखाली फिकट अक्षरे: 'कुंपणावरची'. रेडिओने युग्लीनाची काचपट्टी शोधून तिथे लावली. जिने पाच सृष्टी धडाधडा म्हणून बक्षिसे मिळवली होती, तिने स्वतःच्या हाताने सगळे पुस्तक मोडले. मावशीने तिला थोरल्या सरांचा नियम सांगितला होता: रुजते ते डावीकडे. चालते ते उजवीकडे. आरसा उजवीकडे, खाली. आणि भूछत्राची बाटली तिने मुद्दाम टेबलावर सोडली.

मावशीने बाईंना धरून आणले. केस सगळे पांढरे, नजर भिंतीच्या पलीकडे. त्या माझ्यासमोर थांबल्या. उभ्या फळीवरून बोट वरून खालपर्यंत नेले. मग टेबलाकडे वळल्या, भूछत्र दोन्ही हातांनी धरले, बूड पुसले, आणि डावीकडे ठेवले.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता अप्पा रागावणार नाहीत."

मावशी तोंड फिरवून आत गेली. सुतार उगीचच पटाशी पुसत बसला.

बाई खाली वाकल्या, तारामासा पाहिला, खेकडा पाहिला, आणि आरशापाशी आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. "ह्या बाई कोण? कुठल्या घरातल्या?"

रेडिओ त्यांच्याशेजारी गुडघे टेकून बसली. आरशात आता दोन चेहरे होते.

"आपल्याच घरातल्या," ती म्हणाली. "उजवीकडच्या."

"आणि तू?"

बाईंनी तिला ओळखले नव्हते. रेडिओ म्हणाली, "मी काचा पुसते."

आता मी त्याच खोलीत आहे. डावे-उजवेही बाईंच्या हातून गळून गेले. त्या माझ्यात काहीही ठेवतात. नेच्यांवर कंगवा, सापाच्या गळ्यात चष्मा, खेकड्याशेजारी एक चप्पल. कोणी हलवत नाही. रेडिओ सुटीच्या दिवशी येते, काचा पुसते आणि शाळेच्या बातम्या सांगते. तिचा आवाज हळूहळू परत आला आहे, फक्त मध्ये मध्ये खरखर होते. बाई बोलत नाहीत. मागे एक शेजारीण आली होती, ती दारातूनच मावशीला म्हणाली, "काय बोलतेस गं तिच्याशी? आत काही राहिलंय का आता?"

तेव्हा रेडिओ उठली. मोनेराची बाटली आता खालच्या फळीवर होती. तिने ती काढून बाईंच्या मांडीवर ठेवली. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. बूड पुसले. उजेडाकडे धरून पाहत राहिल्या, आणि मग ती बाटली रेडिओच्या डोळ्यांपुढे नेली, जशी हजारदा पोरांच्या डोळ्यांपुढे नेली होती. शब्द आला नाही. ओठ तेवढे हलले. पण चिठ्ठी रेडिओकडे वळवलेली होती.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही, वाळवी दुसऱ्या पायाला लागली आहे. माझ्यासाठी काही मागत नाही. फक्त एवढे करा. तुमच्या घरातले कोणी एखादी वस्तू भलत्याच जागी ठेवू लागले, तर हसू नका, ओरडू नका, आणि रेडिओसारखे घाईने चिकटवूनही टाकू नका. ती वस्तू आधी कुठे राहत होती, ते त्यांना विचारा. आणि कोणी अगदीच रिकामे दिसले, तर लगेच वळू नका. जवळ जा. दोन्ही हातांनी धरा.